वास मांडायचा कसा?

१८५१ च्या उन्हाळ्यात लंडनच्या हाइड पार्कमधल्या काचेच्या महालात कोहिनूर पाहायला गेलेली बरीच माणसं हिरमुसून परत येत. दोनच वर्षांपूर्वी लाहोरच्या तहात इंग्रजांनी तो दुलीप सिंगाकडून घेतला होता, पेपरांतून गाजावाजा झाला होता, आणि समोर काय, तर सोनेरी पिंजऱ्यात ठेवलेला काचेसारखा एक खडा. चमकेचना! आपल्याकडे हिरा कापायचे ते वजन राखून, आणि तिकडच्या डोळ्यांना सवय लखलखत्या पैलूंची. शेवटी आयोजकांनी त्याच्याभोवती लाल कापडाचा आडोसा केला, आत गॅसचे दिवे आणि आरसे लावले. मग जरा चमकला, पण आत उकडायला लागलं. पुढच्या वर्षी तो सरळ कापूनच काढला. १८६ कॅरटचा १०५ वर आला.

कोहिनूरची ही गत, तर अत्तराचं काय? हिरा निदान दिसतो तरी.

आज हेच लिहायचंय. ताई घरी साबण, उटणं आणि सुगंधी मेणबत्त्या करते आणि प्रदर्शनांतून स्टॉल लावते, हे घरच्या मंडळींना ठाऊक आहेच. तिच्यामुळे मी या विषयात शिरलो. सहा फुटी टेबलावर वास कसा मांडायचा, हा तिचा प्रश्न. असल्या प्रश्नांना मी थेट उत्तर देत नाही, आधी इतिहासात जातो. (घरच्यांनी डोळे फिरवू नयेत.)

तर त्याच काचेच्या महालात, १ मे ते १५ ऑक्टोबर या साडेपाच महिन्यांत, साठ लाखांवर लोक येऊन गेले. साबण आणि सुगंधी द्रव्यांना जागा मिळाली होती वर्ग क्रमांक २९ मध्ये, म्हणजे किरकोळ सामानाच्या गर्दीत. त्यात वस्तूवर किंमत लिहायची बंदी. हे प्रदर्शन आहे, बाजार नव्हे, असा आयोजकांचा बाणा. आता विचार करा, काचेच्या इमारतीत, काचेच्या कपाटात, काचेच्या बाटल्या. झाकणं बंद. किंमत नाही. कोण थांबणार?

युजीन रिमेल नावाच्या फ्रेंच गंध्याने यावर तोड काढली. हा बापाबरोबर लंडनला येऊन स्थायिक झालेला, १८५१ साली जेमतेम तिशीचा. त्याने अत्तराचं कारंजं मांडलं. जर्मनीच्या कोलोन शहरातल्या फरिनांचंही ओ-द-कोलोनचं कारंजं तिथे होतंच. लोक रुमाल पुढे करत आणि भिजवून नेत. त्या काळी तिकडे अत्तर अंगाला फारसं लावत नसत, रुमालाला लावत, म्हणून हे जमलं. माणूस दालनातून पुढे जाई, बागेत जाई, संध्याकाळी घरी जाऊन खिशातून रुमाल काढी, आणि घरातली बाकीची माणसं विचारत असणार, हा वास कुठला? म्हणजे स्टॉल एका जागी आणि मांडणी शहरभर. मला हे फार आवडलं. पुढे रिमेलने नाटकाचे कार्यक्रम आणि पंचांगंसुद्धा सुगंधी करून वाटली आणि १८६५ साली सुगंधाच्या इतिहासावर सचित्र पुस्तकही काढलं. जाहिरातीचं अंग त्याला उपजतच होतं.

आपल्याकडची रीत याच्या बरोबर उलट. कनौजला तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी घालून, तोंड मातीने लिंपून, खाली जाळ घालतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि तिथे चंदनाच्या तेलात मुरते. मग ते अत्तर चामड्याच्या कुप्पीत भरतात, म्हणजे राहिलेलं पाणी चामड्यातून उडून जातं आणि अत्तर उरतं. पण या सगळ्यातलं गिऱ्हाइकाला काय दिसतं? काहीच नाही. अत्तरवाला मखमली अस्तराची पेटी उघडतो, तुमच्याकडे बघतो, ऋतू विचारात घेतो (उन्हाळ्यात वाळा, थंडीत हीना), एक कुपी काढतो, मनगटाच्या मागे एक बोट लावतो किंवा कापसाचा फाया देतो. आणि थांबतो. दुसरी कुपी लगेच उघडत नाही. लग्नात किंवा सभेच्या शेवटी अत्तर-गुलाब व्हायचं तेव्हाही हेच. अत्तरदाणीतून हाताच्या पाठीवर एक रेघ, गुलाबदाणीतून दोन थेंब, पुढे चला.

हा थांबण्याचा भाग महत्त्वाचा. एकच वास सतत येत राहिला तर काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. मॉलमध्ये म्हणे कॉफीच्या बिया हुंगायला देतात, नाक ताजं व्हावं म्हणून. २०११ मध्ये अमेरिकेत यावर एक अभ्यास झाला, त्यात कॉफी साध्या हवेपेक्षा काही सरस ठरली नाही. अत्तरवाल्याला हे न शिकता कळलेलं होतं. त्याचा उपाय साधी हवाच.

ताईच्या पहिल्या प्रदर्शनात चौदा प्रकारचे साबण उघडे, एकाला एक लागून. शेजारच्या स्टॉलवर कापराचं विजेवरचं यंत्र दिवसभर चालू. बायका यायच्या, पहिला साबण हुंगायच्या, दुसरा हुंगायच्या, तिसऱ्यापाशी नाक मुरडून पुढे. आता ती तीनच वड्या उघड्या ठेवते, एकमेकींपासून हातभर लांब, बाकीच्या कागदात. सुती पांढरं कापड खाली, कारण साबणाचा रंग त्यावर खरा दिसतो. मागे खोकी रचून पायऱ्या, म्हणजे वड्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. वाळ्याच्या साबणाशेजारी वाळ्याची जुडी, उटण्याच्या शेजारी अख्खी आंबेहळद आणि नागरमोथा. नाव वाचायच्या आधी हात तिकडे जातो. ऊन येणारं टेबल ती घेत नाही, उन्हाने सुगंध उडतो. (व्हॅनिलाचा साबण मात्र सावलीतही तपकिरी पडतोच, तो व्हॅनिलातल्या घटकाचा गुण. तिने शेवटी त्याला 'गूळ' म्हणायला सुरुवात केली.)

पण मराठी माणसाला वासाची खरी मांडणी बघायची तर पंढरपूरला जावं. आषाढी-कार्तिकीला देवळाच्या आसपासच्या गल्ल्यांत कुंकू, बुक्का, अष्टगंध, गुलाल यांच्या राशी. थापून गुळगुळीत केलेले शंकू, लालभडक कुंकवाशेजारी काळाकुट्ट बुक्का. बुक्का म्हणजे कोळशाच्या पुडीत नागरमोथा, वाळा, कचोरा यांसारख्या वनस्पतींची पूड. नुसता काळा भुगा, त्याला काय रूप? पण कुंकवाच्या शेजारी ठेवला की दोन्ही उठून दिसतात. आणि दुकानदार बोलता बोलता तुमच्या कपाळावर बोट टेकवतो. तुम्ही रांगेत शिरता तोवर शेजारचा वारकरी विचारतो, माउली, बुक्का कुठनं घेतला? रिमेलचाच रुमाल झाला की हा! हिशेब मात्र निराळा. त्या बोटामागे दुकानाचं नाव नाही, विठ्ठलाचं आहे.

नावावरूनच पुढची गोष्ट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये फ्रांस्वा कोटीने रेने लालिक या जवाहिऱ्याला गाठलं आणि अत्तरासाठी बाटल्या करून घेतल्या. तोवर अत्तरं बहुधा साध्या बाटल्यांतून विकली जात, सजावट असायची ती लेबलाची. लालिकच्या बाटल्या लोक अत्तर संपल्यावरही जपून ठेवत. मांडणीचा प्रश्न त्याने मुळातच सोडवला, डोळ्यांना खाद्य बाटली आणि नाकाला आतलं. (गंमत म्हणजे १९९६ मध्ये रिमेलची कंपनी कोटीच्या कंपनीने विकत घेतली.) इकडे पहिल्या महायुद्धात म्हैसूरचं चंदन युरोपला जायचं थांबलं, तेव्हा १९१६ साली संस्थानाने तेलाचा कारखाना काढला आणि त्यातून पुढे म्हैसूर सँडल साबण आला. त्याचं खोकं दागिन्याच्या डबीसारखं. आजीच्या कपाटात रिकामी खोकी साड्यांच्या घड्यांत असायची, आत्याला आठवेल.

कोटी, लालिक, रिमेल, म्हैसूर सरकार, सगळी नावं आपल्याला माहीत. डेगेखाली जाळ सांभाळणाऱ्याचं नाव? हजार काड्यांमागे ठरलेल्या मजुरीवर घरी बसून उदबत्त्या वळणाऱ्या बाईचं? १८५१ च्या प्रदर्शनात भारतातला माल ईस्ट इंडिया कंपनीने जमवून नेला होता. कॅटलॉगात गावाचं नाव आहे, राजाचं आहे, कारागिराचं क्वचितच. मांडणी जितकी देखणी, तितका करणारा मागे जातो की काय, अशी शंका मला हे वाचताना सारखी येत राहिली.

ही शंका नुसती पुस्तकी नाही. गेल्या महिन्यात एका दुकानाने ताईकडे पाचशे वड्या मागितल्या आहेत. पैसे चांगले, आगाऊ अर्धे. खोकं त्यांचं, लेबल त्यांचं, ताईचं नाव कुठेच नाही. भावजींचं म्हणणं, घे, वर्षभराच्या सहा प्रदर्शनांचं भाडं आणि टेंपोचा खर्च यातून सुटेल. खोटं नाही ते. आई म्हणते, नाव कुठे तरी बारीक अक्षरात टाका म्हणावं. ताईने तसं विचारलं, दुकानाने नाही म्हटलं. मग ती मला म्हणाली, "अरे, लोक मला स्टॉलवर येऊन सांगतात की मागच्या वेळचा वाळ्याचा संपला. दुकानातून ते मला कोण सांगणार?"

मी तिला घे किंवा नको, काहीच म्हटलेलं नाही. पाचशे वड्या वाळायला चार-सहा आठवडे जातात, तेव्हा या आठवड्यात ठरवावंच लागेल. दरम्यान ठाण्याच्या प्रदर्शनासाठी तिने नवीन काम काढलंय. जुन्या सुती साड्यांचे चौकोन कापून ठेवलेत, रुमालाएवढे. विचारणाऱ्या प्रत्येकाला वाळ्याच्या पाण्यात बुडवून एकेक द्यायचा बेत आहे. कोपऱ्यात तिचं नाव शिवायला आई बसली आहे, आतापर्यंत साठ झाले.