धरण उशाला, कोरड घशाला

जव्हारला पावसाळ्यात गेलात, तर हा मुलूख कधी तहानलेला असेल यावर तुमचा विश्वास बसणार नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंचीवरचं, धुक्यात बुडालेलं गाव. दाभोसाचा धबधबा गर्जत असतो, भातखाचरं तुडुंब भरलेली असतात. पण तोच मुलूख एप्रिलमध्ये पाहावा. मोखाड्याच्या एका पाड्यावर मी एक बाई विहिरीच्या तळाशी उतरलेली पाहिली. ती वाटीवाटीनं पाणी हंड्यात भरत होती. काठावरच्या बायका मुकाट्यानं आपल्या पाळीची वाट पाहत होत्या.

इतका पाऊस पडतो, मग पाणी जातं कुठं? इथला कातळ काळा बेसॉल्ट. मातीचा थर पातळ, उतार तीव्र. पडलेलं पाणी मुरायच्या आतच ओढ्यानाल्यांतून निघून जातं. पूर्वी त्याला अडवायचं काम जंगल करत असे. मुकणे घराण्याचं जव्हार संस्थान १९४८ साली ठाणे जिल्ह्यात विलीन झालं. संस्थानी काळात आणि त्यानंतरही इथलं लाकूड घाटाखाली जात राहिलं. डोंगर उघडे पडले, माती वाहून गेली, झरे लवकर आटू लागले.

दुसरीकडे मुंबईची तहान वाढत होती. तानसेचं पाणी १८९२ साली मुंबईला पोचलं. पुढं त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणाऱ्या वैतरणेवर एकामागून एक धरणं झाली. त्यांतलं मध्य वैतरणा धरण २०१४ साली पूर्ण झालं. ते मोखाडा-शहापूरच्या हद्दीवरच आहे. पाणी दरीत आणि पाडे डोंगरावर. ते वर चढवायचं कुणी? मुंबईकराला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. पण नळ सोडताना त्याला या पाड्यांची आठवण असावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

१९९२-९३ साली वावर-वांगणी भागातल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. कुपोषण म्हणजे नुसता औषधांचा प्रश्न नव्हे, हे तेव्हा अनेकांच्या लक्षात आलं. एका भातपिकावर घर चालत नाही, म्हणून दिवाळीनंतर अख्खं कुटुंब वीटभट्टीवर जातं, आणि लेकराचे हाल तिथूनच सुरू होतात. पिण्यापुरतं आणि दुसऱ्या पिकापुरतं पाणी गावातच राहिलं, तर माणूसही गावात राहील.

याच विचारानं इथं काम उभं राहिलं. मणिभाई देसाई यांनी उभारलेल्या ‘बाएफ’ संस्थेनं गुजरातेतल्या वांसद्यात १९८०च्या दशकात ‘वाडी’चा प्रयोग केला होता. एकरभर वरकस जमिनीत आंबा-काजूची कलमं, भोवती कुंपणाची झाडं, उताराला आडवे चर. तोच प्रयोग पुढं जव्हार-मोखाड्यात आला. पहिली दोन-तीन वर्षं बायांनी डोक्यावरून पाणी आणून कलमं जगवली. जव्हारच्या प्रगती प्रतिष्ठाननंही गावोगावी पाण्याची कामं केली.

पाणलोटाचं सूत्र सोपं आहे: माथा ते पायथा. आधी डोंगरमाथ्यावर समपातळी चर, मग ओहळांत अनघड दगडांचे बांध, आणि शेवटी खाली नाल्यावर बंधारा. वरचं काम न करता खाली बंधारा बांधला, तर तो गाळानंच भरतो. पावसाळा सरताच रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून घातलेला वनराई बंधारा तर गावकरी एका दिवसाच्या श्रमदानात उभा करतात. त्यावर हरभरा, भाजीपाला, मोगरा पिकतो. जव्हारचा मोगरा आता दादरच्या फूलबाजारात जातो.

पण इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो. गावानं आपलं मानलेलं कामच टिकतं. ठेकेदार बंधारा बांधून निघून जातो. गळती काढायला, गाळ उपसायला गावच लागतं. २००६च्या वनहक्क कायद्यानं पाणलोट क्षेत्र आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. हा अधिकार वापरायचा, तर ग्रामसभेला विहिरीवर खोळंबणाऱ्या बायाही हजर हव्यात. पाणी कुठं मुरतं आणि कुठं आटतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.