उखळीचा सांधा : किंगपिनपासून वाळूच्या टेकड्यांपर्यंत

नजमा म्हटले की दोह्यात राहणाऱ्या मराठी माणसाला मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आठवतात. तिथे काउंटरवर मुठीत मावणारा एक लोखंडी भाग मिळतो, तो म्हणजे बॉल जॉइंट. कंपनीचा घ्यावा, स्वस्तातला घ्यावा की 'अपग्रेड' म्हणून विकला जाणारा महागडा घ्यावा, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडला असेल. त्याचे उत्तर या सांध्याच्या इतिहासात आहे.

शाळेत आपण खांद्याचा 'उखळीचा सांधा' शिकलो. बॉल जॉइंटही तसाच. वाटीत बसवलेला गोळा सर्व बाजूंना फिरतो. पूर्वीच्या मोटारींत हे काम विभागलेले होते. चाक वळवण्यासाठी किंगपिन नावाचा जाड खुंटा आणि चाक वर-खाली होण्यासाठी निराळ्या पिना असत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाट व पद्मिनी याच जातीच्या. बैलगाडीच्या आसाला वंगण लागते तसे किंगपिनला वेळोवेळी ग्रीस लागे. ते चुकले की स्टिअरिंग जड होई आणि खुंटा झिजे. मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी 2023 पर्यंत धावली, यात हे ग्रीस भरणाऱ्या मेस्त्रींचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेत 1952 च्या लिंकन मोटारीने पुढच्या चाकांना बॉल जॉइंट दिले आणि वळणे व वर-खाली होणे ही दोन्ही कामे एकाच सांध्याकडे आली. वजन घटले, भाग कमी झाले. पुढे रबरी टोपीत कायमचे ग्रीस भरलेले सांधे आले आणि मालकाची कटकट संपली. मात्र सोयीबरोबर एक तोटाही आला. टोपी फाटली की आतला गोळा गुपचूप झिजतो, आणि मालकाला त्याचा पत्ता लागतो तो खडखडाट सुरू झाल्यावर.

इकडे कतारमध्ये 1949 साली तेलाची निर्यात सुरू झाली आणि वाळवंटात दणकट वाहनांची गरज वाढली. 1960 साली आलेल्या टोयोटाच्या 40 मालिकेतील लँड क्रूझरला पुढे अखंड आस आणि पाटे होते. बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत, पण गाडी टिके. 1990 च्या सुमारास 80 मालिकेत पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्या. आस मात्र अखंडच राहिला. 1998 च्या 100 मालिकेत पुढची चाके स्वतंत्र झाली आणि त्यांच्याबरोबर बॉल जॉइंट आले. डांबरी रस्त्यावर गाडी मोटारीसारखी चालू लागली.

खोर अल-उदैदच्या टेकड्यांवर जाणारे हौशी लोक गाडीची उंची वाढवतात आणि तिथेच गोम आहे. उंची वाढली की वरचा आर्म खाली झुकतो आणि सांधा आपल्या मर्यादेच्या टोकाशी जातो. टेकडीवरून चाक लोंबकळले की गोळ्याचा दांडा वाटीच्या काठावर आदळतो. म्हणून सांध्याचा कोन बदललेले आर्म निघाले. शर्यतीच्या गाड्यांत त्याहून पुढचा 'रोझ जॉइंट' वापरतात. हे नाव इंग्लंडच्या रोझ ब्रदर्स कंपनीवरून पडले. त्यात ढिलाई जवळजवळ नसते, त्यामुळे स्टिअरिंगचा हुकूम चाक लगेच ऐकते. मात्र त्यावर बहुधा रबरी टोपी नसते. वाळू आत शिरते आणि रस्त्याचा आवाज थेट आत येतो. शर्यतीच्या संघाला तो वारंवार तपासणे व बदलणे परवडते. मुलांना शाळेत सोडून कामावर जाणाऱ्याला ते कसे परवडावे?

थोडक्यात, या सांध्याच्या प्रत्येक सुधारणेने काही दिले आणि त्याची किंमतही घेतली. गाडीची उंची वाढवलेली नसेल, तर कंपनीच्या प्रतीचा चांगला सांधा, नवे बुश आणि नीट केलेले अलाइनमेंट एवढ्याने गाडी पुन्हा सरळ धावू लागते. उंची वाढवलेली असेल, तर आर्म बदलणे ही चैन नव्हे, गरज आहे. खालच्या सांध्याकडे विशेष लक्ष हवे. 100 मालिकेत गाडीचा भार त्याच्यामार्फत चाकावर येतो, आणि तो निसटला तर चाक मुडपते. टेकड्यांवरून परतल्यावर वाकून रबरी टोपी पाहायला दोन मिनिटे लागतात. मागच्या आसनावर आपली माणसे बसलेली असतात, तेव्हा तेवढी तसदी घ्यायलाच हवी.