मीठ कमी, तर मुदतही कमी : झटपट लोणच्यांचे साधे गणित

गुम्मिडिपूंडी (चेन्नई) : चेन्नईहून उत्तरेकडे जाणाऱ्या उपनगरी रेल्वेमार्गावर, आंध्र प्रदेशाच्या सीमेजवळ वसलेले गुम्मिडिपूंडी हे तिरुवल्लूर जिल्ह्यातील औद्योगिक गाव. लोणच्यांच्या दोन परंपरांची वेसही याच परिसरात लागते. एक, आंध्रचे वर्षभर टिकणारे ‘आवकाय’. दुसरी, तमिळ लग्नाच्या पंगतीसाठी ऐनवेळी केले जाणारे ‘कल्याण मांगाय’. मराठी घरातील वर्षाचे लोणचे आणि कैरीचा टक्कू यांतही हेच अंतर आहे. ते केवळ चवीचे नसून मीठ, आंबटपणा आणि पाणी यांच्या प्रमाणाचे आहे.

लोणचे टिकते कशामुळे?

मीठ फोडींतील पाणी ओढून घेते, त्यामुळे जंतूंच्या वाढीला वाव राहत नाही. खारवलेल्या लोणच्यात किमान 12 टक्के मीठ आणि व्हिनेगरमधील लोणच्यात किमान 2 टक्के आम्लता असावी, असे भारतीय अन्नसुरक्षा नियम सांगतात. तेल बुरशीला हवा मिळू देत नाही. मात्र तेल म्हणजे आम्ल नव्हे. ‘बोट्युलिझम’ या प्राणघातक विषबाधेचे जंतू हवा नसलेल्या जागीच वाढतात. पदार्थाचा सामू 4.6 किंवा त्याहून कमी असल्यास ते वाढत नाहीत. या विषाला वास किंवा चव नसते. म्हणून सोललेला लसूण नुसत्या तेलात घालून बाहेर ठेवणे धोक्याचे आहे.

कल्याण मांगाय

अर्धा किलो कडक, आंबट कैरी धुऊन, पूर्ण कोरडी करून साली-सकट बारीक चिरावी. तीत 30 ग्रॅम (सुमारे पाच चहाचे चमचे) मीठ, दोन मोठे चमचे तिखट, पाव चमचा हळद आणि अर्धा चमचा भाजलेल्या मेथीची पूड मिसळावी. पाच मोठे चमचे तिळाच्या तेलात मोहरी व हिंगाची फोडणी करून, ती गार झाल्यावर ओतावी. तासाभरात लोणचे मुरते. मराठी चव हवी असल्यास मोहरीची पूड थोड्या पाण्यात फेसून घालावी. फेसल्याने मोहरीचा झणका खुलतो; कडकडीत तेलाने तो मंदावतो.

गाजर, फुलकोबी, काकडी यांना स्वतःचा पुरेसा आंबटपणा नसतो. त्यांच्या लोणच्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर सढळ हाताने घालावे.

डांगर, दोन्हीकडचे

महाराष्ट्रात उडदाचे डांगर कालवतात. तमिळनाडूत भाजलेल्या उडदाचे पीठ दह्यात कालवून, वर मोहरीची फोडणी देऊन ‘डांगर पचडी’ करतात. तंजावरवर 1855पर्यंत मराठ्यांचे राज्य होते, हे ध्यानात घेता हे नामसाधर्म्य लक्षणीय ठरते. असे दह्यातील तोंडीलावणे त्याच दिवशी संपवावे.

किती दिवस ठेवावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढाने दिवसाकाठी 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. 12 टक्के मिठाच्या लोणच्याच्या 20 ग्रॅम फोडींतून सुमारे 2.4 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ निम्मे मीठ पोटात जाते. वरील कल्याण मांगायच्या तेवढ्याच वाढपातून सुमारे एक ग्रॅम जाते. रक्तदाबाच्या रुग्णांच्या घरी मीठ घटवणे योग्यच. पण मीठ घटवून लोणचे वर्षाच्या बरणीसारखे फडताळात ठेवणे चुकीचे. किनारपट्टीच्या दमट उष्म्यात ते लवकर बिघडते.

झटपट लोणचे काचेच्या किंवा चिनी मातीच्या कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे आणि आठवड्यात संपवावे. कल्हई नसलेले पितळेचे किंवा तांब्याचे भांडे वापरू नये. आंबटामुळे धातू पदार्थात उतरतो. चमचा कोरडाच घालावा. बुरशी दिसल्यास वरचा थर काढून उरलेले खाऊ नये, सारे टाकून द्यावे. बेत थोडक्यात करावा आणि संपला की ताजा करावा.