मेंढरांकडे पाठ फिरवणारा कुत्रा

स्कॉटलंडच्या डोंगरांत हरवलेली माणसं शोधणाऱ्या कुत्र्याची पहिली परीक्षा होते ती मेंढरांत. हँडलर, म्हणजे त्याला शिकवणारा त्याचा जोडीदार, त्याला कळपाजवळून मोकळा फिरवतो, मध्येच बसवतो, स्वतः दूर जाऊन हाक मारतो. मेंढरं बुजून पळू लागली की खरी कसोटी. कुत्रा त्यांच्या मागे लागला, तर त्याचं नाक कितीही तीक्ष्ण असो, त्याला पुढच्या पायरीवर घेत नाहीत. उद्या हा कुत्रा रात्री, धुक्यात, हँडलरच्या नजरेआड डोंगरभर फिरणार असतो. ज्या मेंढपाळांची जनावरं त्या डोंगरावर चरतात, त्यांचा भरवसा नसेल तर त्याला तिथे पाऊल ठेवता येत नाही.

मी मूळची माण तालुक्यातली. आमच्याकडचा धनगरी कुत्रा कळप राखतो, लांडग्याच्या अंगावर जातो. पण मेंढरं वळवायचं काम माणसाचं. नर्सच्या नोकरीसाठी इकडे आले आणि बॉर्डर कॉली पाहिला. मालक पायथ्याशी उभा राहून शिट्टी वाजवतो आणि हा वर कुठल्या कुठे जाऊन उतारभर पांगलेली मेंढरं गोळा करून आणतो. पिढ्यान्‌पिढ्या याच कामासाठी जोपासलेली ही जात. तरीही इथल्या शोधपथकांत सगळ्यांत जास्त दिसतो तो हाच कॉली, मेंढरांकडे ढुंकूनही न बघता माणसाचा माग काढणारा. सुट्टीच्या दिवशी मी या कुत्र्यांच्या सरावासाठी डोंगरात लपून बसायला जाते, आणि हे सगळं कसं उभं राहिलं ते जुन्या हँडलरांकडून ऐकत असते.

या इतिहासाची सुरुवात आल्प्सपासून सांगतात. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, सुमारे 2,470 मीटर उंचीवर, साधूंचा मठ आहे. तिथली कुत्री बर्फात वाट चुकलेल्या प्रवाशांना शोधायची. त्यांतला बॅरी 1800 ते 1814 या काळातला. चाळीसहून अधिक जीव त्यानं वाचवले असं मानतात, आणि पेंढा भरलेला त्याचा देह आजही बर्नच्या संग्रहालयात आहे. गळ्यात ब्रँडीचं पिंप अडकवलेला कुत्रा मात्र चित्रकार लँडसिअरच्या 1820 च्या चित्रातून लोकांच्या डोक्यात बसला. मठात पद्धत होती, परीक्षा नव्हती. साधू आणि कुत्री एकत्र वाट चालायची, एकत्र शिकायची.

शिक्षणाला पायऱ्या आल्या त्या विसाव्या शतकात. 1940 च्या सुमारास फर्डिनांड श्मुट्झ यांनी स्विस सैन्यासाठी हिमस्खलनात माणूस शोधणारी कुत्री तयार केली. पुढे रुळलेली स्विस पद्धत अगदी साधी आहे. आधी हँडलर स्वतः बर्फाच्या खड्ड्यात बसतो. मालक दिसेनासा झाला म्हणून कुत्रा धावत येतो. मग तो खड्डा बर्फानं बंद करतात. मग मालकासोबत एक परका माणूस बसतो. शेवटी परका एकटाच. मालकावरची माया अशी हळूहळू अनोळखी जिवाकडे वळते. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होते.

ही विद्या स्कॉटलंडला आणली हॅमिश मॅकिनिस यांनी. 1961 मध्ये ग्लेन्को खोऱ्यात डोंगरी बचावपथक उभारणारा, धातूची बर्फकुऱ्हाड आणि घडीचं स्ट्रेचर तयार करणारा हा गिर्यारोहक 1964 मध्ये स्वित्झर्लंडला रेड क्रॉसच्या शिबिरात हिमस्खलनाच्या कुत्र्यांचं काम बघायला गेला. परतल्यावर ग्लेन्कोतच शिकवणी सुरू झाली आणि 1965 मध्ये शोध-कुत्र्यांची संघटना स्थापन झाली. पण ग्लेन्को म्हणजे आल्प्स नव्हे. इथे माणूस हिमाखाली गाडला जाण्यापेक्षा हेदरच्या झुडपांत, ओढ्याच्या घळीत, कड्याच्या पायथ्याशी पडलेला असण्याचीच शक्यता जास्त. शोधायचं क्षेत्र अफाट. तिथे लागतो दूरवर मोकळं काम करणारा कुत्रा, आणि हे अंगी मुरलेलं जनावर खोऱ्यातल्या घराघरांत होतं. सुरुवातीला अल्सेशियनही होते. कॉलीनं पुढे जागा घेतली ती या गुणामुळे. स्विस पायऱ्या आणि स्कॉटिश मेंढपाळाची शिट्टी यांची सांगड बसली, आणि मेंढरांची परीक्षा आपोआप पहिली आली.

हा कुत्रा जमिनीवरची पावलं हुंगत जात नाही. माणसाच्या अंगातून सतत झडणारे त्वचेचे कण वाऱ्यावर पसरतात. जवळ दाट, दूर विरळ. कुत्रा वाऱ्याला आडवा, नागमोडी पळतो. वास लागला की मान झटक्यात वळते, शेपटीची चाल बदलते. वारा कुठून येतोय, घळीत तो कसा फिरतोय, कुत्र्याला कुठल्या बाजूनं घालायचं, हे ठरवणं हँडलरचं काम.

लपणाऱ्याचं कामही शिकावं लागतं. मी जलरोधक पिशवीत शिरून दगडाच्या आडोशाला पडते, कुशीत कुत्र्याचं लाडकं खेळणं. तोंडावर पाऊस येतो, पाठीखालचं शेवाळ गार लागतं, हलायचं नाही. अचानक धापा ऐकू येतात, ओलं नाक गालाला लागतं, आणि कुत्रा आल्या पावली माघारी पळतो. तो हँडलरसमोर जाऊन भुंकतो, पुन्हा माझ्याकडे येतो, पुन्हा त्याच्याकडे. हँडलर माझ्यापर्यंत पोचेस्तोवर हे चालू राहतं. त्यानंतरच मी खेळणं काढायचं, आणि मनापासून खेळायचं. लपलेला माणूस कंटाळून खेळला, तर कुत्र्याला माणूस सापडण्यातला आनंद कळत नाही.

इथपर्यंत यायला साधारण दोन-तीन वर्षं जातात. हँडलरही आधी डोंगरी पथकात मुरलेला असावा लागतो. नकाशा, हवामान, प्रथमोपचार त्याला यायलाच हवेत. मग हिवाळ्यातली परीक्षा येते. क्षेत्र दाखवतात, पण माणसं किती लपलीत, कुठे, ते सांगत नाहीत. परीक्षक मागून चालत असतात. कुत्रा एखाद्या घळीकडे ओढ घेतो आणि हँडलरला वाटतं, तिथे कोण असणार? तो त्याला परत बोलावतो. गुण बहुधा तिथेच जातात. पास होणाऱ्याला आधी उमेदवारीचा दर्जा मिळतो, पूर्ण दर्जासाठी पुन्हा परीक्षा, आणि तो दर्जाही कायमचा नसतो. ठरावीक काळानं जोडीला परत सिद्ध करून दाखवावं लागतं. मला ही अट फार योग्य वाटते. वाट बघत पडलेल्या माणसाला जुनं प्रमाणपत्र उपयोगाचं नाही.

कुत्र्याचं म्हणणं ऐकण्याची हीच कसोटी ढिगाऱ्यातही लागते. फेब्रुवारी 2023 मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपात आपल्या एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) ज्युली आणि रोमिओ या लॅब्रॅडॉरनी नुरदागीत ढिगाऱ्याखालची सहा वर्षांची मुलगी शोधली. ज्युलीनं इशारा दिला; जवानांनी रोमिओला वेगळं नेऊन खात्री करून घेतली, आणि मगच खोदाईला हात घातला. बातमी वाचताना मला त्या जवानांचं जास्त कौतुक वाटलं. त्यांना कुत्रा वाचता येत होता.

एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरेला आहे. पण जुलै 2023 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा चढ असा होता की अवजड यंत्रं वर नेता आली नाहीत. जे पोचले ते पायी. सह्याद्रीत कुणी हरवलं, कड्यावरून पडलं, की गिर्यारोहकांची पथकं आणि आसपासचे गावकरी पदरमोड करून धावतात. त्यांच्या सोबतीला असे मोकळे कुत्रे उभे करायचे, तर परदेशी जातीवर पैसा घालण्याआधी माणसांच्या वर्षांची सोय करावी लागेल: हँडलरला नोकरीतून रजा, अंगावर विमा, लपायला तयार स्वयंसेवक, आणि ओळखपाळख बाजूला ठेवून नापास करू शकणारे परीक्षक. ग्लेन्कोत हे सरकारी हुकमानं आलेलं नाही. एका गिर्यारोहकानं सुरू केलं, शेजाऱ्यांनी साथ दिली. आपल्याकडे धावून जाणारी माणसं आहेतच. त्यांच्या वेळेचं मोल मानलं, तर हेही होईल.