भरतीची यादी कोण लिहितं?

मागच्या महिन्यात पहिली पाळी सुटल्यावर आम्ही सात-आठ जण वाचनालयाच्या पायरीवर बसलो होतो. विषय निघाला सक्तीच्या लष्करी सेवेचा. आमच्या खात्यातला एक शिकलेला सुपरवायझर दुपारी म्हणाला होता, या देशातल्या प्रत्येक पोराला दोन वर्षं मिलिटरीत घातलं पाहिजे, म्हणजे शिस्त लागेल. आमच्या पोरांनाही ते पटलं होतं. कारण मात्र वेगळं. एक जण म्हणाला, "शिस्तीचं सोड रे. पण सक्ती झाली तर बंगल्यातलं पोरगं अन् आपलं पोरगं एका रांगेत उभं राहील का नाही? एका लंगरात जेवंल का नाही? जात तिथंच मोडंल." दुसरा, जो रोज पहाटे चारला हायवेच्या कडेनं धावतो आणि भरतीत दोनदा छातीच्या मापात गेला, तो म्हणाला, "मला कुणी सक्तीनं नेलं तर मी वस्तीत पेढे वाटीन."

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर झोप लागली नाही. कारण दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं, आणि तरीही मला ते पटत नव्हतं. का पटत नव्हतं ते सांगता येईना. मी नववीतनं शाळा सोडलेला माणूस. इंग्रजी पुस्तक डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचतो. तेव्हापासून जे वाचलं, जे जुळवलं, ते इथं मांडतो. चुकलं तर सांगा. पण वाचल्याबिगर टाळी वाजवू नका.

आधी आपलं दार बघू.

मित्रांनो, आपला इतिहास सक्तीच्या भरतीचा नाही. बंद दाराचा आहे. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत आपली माणसं होती. 1 जानेवारी 1818 ला कोरेगावला लढली, आणि तिथल्या स्तंभावर शेवटी 'नाक' लागलेली आपली नावं कोरली आहेत. इंग्रजांनी काय आपल्या प्रेमापोटी घेतलं नव्हतं. त्यांना शिपाई पाहिजे होते. पण फौजेत पगार होता, पेन्शन होती, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, शाळा होती. फौजेतल्या माणसांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं होतं. रामजी सुभेदार अशाच लष्करी शाळेत शिक्षक होते, पुढं मुख्याध्यापक झाले. 14 एप्रिल 1891 ला महूच्या छावणीत भीमराव जन्मला, आणि दुसऱ्याच वर्षी, 1892 ला, सरकारनं महारांची भरती थांबवली. लढाऊ जाती कोणत्या आणि बिनलढाऊ कोणत्या याची यादी साहेबानं टेबलावर बसून केली. पिढ्यान् पिढ्या लढलेला माणूस एका रेघेनं बिनलढाऊ झाला.

मग अर्ज. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 ला अर्ज केला. शिवराम जानबा कांबळ्यांनी 1910 ला थेट विलायतेच्या भारतमंत्र्याकडं अर्ज धाडला. दार उघडलं नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा 1917 ला 111 वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, 1921 ला पलटण मोडली. दुसरं महायुद्ध आलं. जुलै 1941 मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

गिरणीतही हेच. साळखात्यात पगार जास्त, म्हणून ते आपल्याला बंद. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडानं ओढून घ्यावं लागायचं, आणि आपल्या थुंकीनं धोटा बाटायचा. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हे दार ठोठावलं. सांगायचं म्हणजे, दार ठोठावणं हे आपल्या रक्तातच आहे. म्हणून कुणी म्हणालं की दार सताड उघडू, सगळ्यांना आत घेऊ, सक्तीनंच घेऊ, तर आपलं पोरगं टाळी वाजवतं. त्याची चूक नाही.

पण दाराच्या आत काय असतं? ते बघायला अमेरिकेला जाऊ. तिथल्या काळ्या माणसाला फौजेत येऊ नको म्हणूनही सांगितलं गेलं आणि सक्तीनं ओढूनही नेलं गेलं. दोन्ही त्यानं भोगलंय.

मे 1917 मध्ये अमेरिकेनं सक्तीच्या भरतीचा कायदा केला. जूनमध्ये नावं नोंदवली. नोंदणीच्या कार्डावर एक सूचना छापलेली होती: माणूस आफ्रिकन वंशाचा असेल तर हा कोपरा फाडा. बघा! सक्ती सगळ्यांना सारखी, कार्ड सगळ्यांना सारखं, फक्त एकाच्या कार्डाचा कोपरा फाटका. साडेतीन लाखांहून जास्त काळे या भरतीत गेले. बहुतेकांच्या हातात बंदुकीऐवजी फावडं आणि पाठीवर गोदीतलं ओझं. न्यूयॉर्कच्या हार्लेमची 369 वी पलटण लढायला निघाली तर गोऱ्या अमेरिकेनं ती फ्रेंच फौजेला देऊन टाकली. फ्रेंचांनी तिला शौर्यपदक दिलं. 1919 ला ही माणसं घरी परतली, आणि त्याच उन्हाळ्यात शिकागोपासून अर्कान्सापर्यंत काळ्यांच्या वस्त्यांवर गोऱ्या झुंडी तुटून पडल्या. लढून आलेले शिपाईसुद्धा सुटले नाहीत.

दुसरं महायुद्ध. 1940 चा नवा सक्तीचा कायदा. पलटणी वेगळ्या, बराकी वेगळ्या. जखमींसाठी गोळा केलेलं रक्तसुद्धा वेगळं. काळ्याचं रक्त वेगळ्या बाटलीत, वेगळी चिठ्ठी लावून. आपल्या चहाच्या वेगळ्या कपाला दूरचा भाऊ सापडला की नाही?

12 फेब्रुवारी 1946. आयझॅक वुडार्ड नावाचा काळा सार्जंट, त्याच दिवशी फौजेतनं सुटलेला, अंगावर वर्दी, बसनं घरी निघालेला. वाटेत लघवीला थांबण्यावरनं ड्रायव्हरशी बाचाबाची झाली. साउथ कॅरोलायनातल्या एका गावात पोलिसप्रमुखानं त्याला खाली घेतलं आणि दंडुक्यानं मारमारून दोन्ही डोळे फोडले. खटला झाला. सगळ्या गोऱ्या ज्युरीनं अर्ध्या तासाच्या आत पोलिसाला सोडलं.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या आजीचा बाप आठवला. तो 1941 नंतरच्या भरतीत गेला होता. आजी सांगायची, रजेवर आला तेव्हा बूट घालून गावात शिरला, तर वेशीतच अडवला. "बूट काढून हातात घे, मग म्होरं जा." त्यानं काढले. डोळे फुटले नाहीत, एवढंच. त्याची लोखंडी ट्रंक अजून घरात आहे. तिच्यात आम्ही ज्वारी ठेवतो.

तर वर्दीनं जात मोडते का? याचं उत्तर वुडार्डनं दिलंय, आणि आजीच्या बापानंही.

मग मोडलं कशानं? हे नीट ऐका. 1948 ला अमेरिकन सरकार सक्तीचा कायदा पुन्हा आणायला निघालं. तेव्हा ए. फिलिप रँडॉल्फ उभा राहिला. हा कोण? रेल्वेच्या झोपायच्या डब्यात हमाली करणाऱ्या काळ्या पोर्टरांच्या युनियनचा पुढारी. आपल्यासारख्या कामगारांचा माणूस. सिनेटच्या समितीपुढं जाऊन त्यानं सांगून टाकलं, फौजेत वर्णभेद ठेवणार असाल तर काळ्या पोरांना मी सांगीन की नाव नोंदवू नका, तुरुंगात जा. जूनमध्ये कायदा झाला. 26 जुलै 1948 ला अध्यक्ष ट्रुमननं फौजेतल्या समान वागणुकीचा हुकूम काढला. कोरियाच्या लढाईत तो हळूहळू अमलात आला. म्हणजे सक्तीनं भेद गेला नाही. सक्तीला नाही म्हणायची धमकी दिली, तेव्हा भेद हलला.

आता व्हिएतनाम. इथं कार्डाचा कोपरा फाडायची गरज उरली नव्हती. सक्ती सगळ्यांना होती, पण सवलती होत्या. कॉलेजात शिकत असशील तर थांब, तुला नंतर बघू. आता कॉलेजात कोण होतं? ज्याच्या बापाकडं फी होती तो. कुणाला न्यायचं, कुणाला सोडायचं हे ठरवायला गावोगाव भरतीची मंडळं होती. 1966 ला या मंडळांवर शंभर माणसांत दोनसुद्धा काळे नव्हते. मिसिसिपीत तर एकही नव्हता. त्याच वर्षी संरक्षणमंत्री मॅक्नामारानं परीक्षेत नापास होणाऱ्यांनाही घ्यायची योजना काढली. तिच्यातनं साडेतीन लाखांच्या आसपास पोरं फौजेत नेली, आणि त्यांतले शंभरात चाळीसच्या घरात काळे होते. त्या देशात काळे शंभरात अकरा. सुरुवातीच्या वर्षांत लढाईत मरणाऱ्यांत मात्र शंभरात वीसच्या वर. यादी लिहिणारा हात गोरा, यादीतला मेलेला काळा.

28 एप्रिल 1967 ला ह्यूस्टनला महंमद अलीचं नाव पुकारलं गेलं. सगळे एक पाऊल पुढं गेले, तो गेला नाही. जगज्जेतेपद काढून घेतलं. पाच वर्षांची सजा आणि दहा हजार डॉलर दंड सुनावला. ऐन उमेदीची तीन वर्षं त्याला लढू दिलं नाही. 1971 ला सुप्रीम कोर्टानं सजा रद्द केली. तोवर हजारो बिननावाची पोरं एक पाऊल पुढं टाकून गेली होती.

आपल्या पँथर्सनी 1972 ला मुंबईत ज्यांचं नाव घेतलं, त्या ब्लॅक पँथर्सच्या 1966 च्या दहा मागण्यांत सहावी मागणी हीच होती: काळ्या पुरुषांना लष्करी सेवेतून सूट द्या. नाव आपण सगळ्यांनी घेतलं. सहावी मागणी किती जणांनी वाचली?

इथं लेख संपवला असता तर सोपं झालं असतं. पण संपत नाही. कारण 1973 ला अमेरिकेनं सक्ती बंद केली, आणि मग काय झालं? फौज खुशीची झाली. खुशी कुणाची? ज्याला कारखान्यात काम नाही, कॉलेजची फी नाही, त्याची. पुढं इराकच्या लढाईची तयारी चालली असताना, जानेवारी 2003 मध्ये, हार्लेमचा काळा खासदार चार्ल्स रँगेल, स्वतः कोरियात लढलेला, त्यानं सक्ती परत आणायचं विधेयक मांडलं. त्याचं म्हणणं सरळ होतं: मंत्र्यांची आणि शेठजींची पोरंही जाणार असतील तर युद्ध पुकारताना यांचा हात थरथरेल. ऑक्टोबर 2004 मध्ये मतदान झालं. विरोधात 402, बाजूनं 2. खुद्द रँगेलनंही विरोधात मत दिलं. त्याला कायदा नको होता, आरसा दाखवायचा होता. त्या 402 मध्ये युद्धाच्या बाजूनं हात वर करणारे कितीतरी होते.

रँगेल खोटं बोलत नव्हता. पायरीवरचा आमचा दोस्तही खोटं बोलत नव्हता. सक्ती दोन तऱ्हेची असते, एक कायद्याची आणि एक पोटाची. पहाटे चारला धावणाऱ्या त्या पोराला कुणी धरून नेत नाही. त्याला पोट नेतं. 14 जून 2022 ला आपल्याकडं अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षं नोकरी, मग शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम. तरी तो धावतोच आहे. कारण धावणं सोडलं तर गिरणीतली बदली, तीही मिळाली तर.

म्हणून मी शांततेची प्रवचनं देणार नाही. भरल्या पोटाच्या माणसानं बेकाराला बंदुकीचे तोटे सांगू नयेत. पण पोटाची सक्ती आहे म्हणून कायद्याची सक्ती आणा, हे औषध नाही. व्हिएतनामनं दाखवलंय, कायद्याची सक्ती आली तरी पोटाची सुटत नाही. दोन्ही मिळून एकाच घरावर येतात. बंगल्यातल्या पोराला कॉलेज असतं, डॉक्टरचं सर्टिफिकेट असतं, ओळख असते.

आता जगात वारं उलटं फिरलंय. लिथुआनियानं 2015 ला, स्वीडननं 2017 ला बंद केलेली सक्ती परत आणली. उद्या आपल्याकडंही कुणी जोर लावील. तेव्हा आपल्या हातात काय आहे? घटनेचं 23 वं कलम. पहिल्या भागात वेठबिगारीला बंदी. महारकीची वेठ आपल्या बापजाद्यांनी किती पिढ्या केली! हाक आली की निघायचं, मजुरी विचारायची नाही. 1928 ला बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते यासाठीच. पण त्याच कलमाचा दुसरा भाग सांगतो, सार्वजनिक कामासाठी सरकार सक्तीची सेवा लावू शकतं, फक्त धर्म, वंश, जात, वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही. म्हणजे दार तिथं आहे, आणि दाराला कडीही आहे. ती कडी आपण पाठ करून ठेवली पाहिजे. नुसतं 'भेद नाही' असं लिहून भागत नाही. कॉलेजची सवलत लिहिणाऱ्यानंही कुठं काळा-गोरा लिहिलं होतं?

तेव्हा दोस्तांनो, माझं उत्तर असं. सक्ती परत आणू नये, अमेरिकेत नाही, इथं तर नाहीच. आणि कुणी आणायला निघालाच तर रँडॉल्फसारखं आधी विचारायचं: यादी कोण लिहिणार? सूट कुणाला? आणि परत आलेल्याच्या पायातले बूट वेशीत कोण उतरवणार? या तिन्हींची उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय एक पाऊल पुढं टाकायचं नाही.

आणि सक्तीच पाहिजे असेल तर एक सक्ती आपण पारखून घेतलेली आहे. त्या छावणीतली सगळ्यांत मोठी ताकद बंदूक नव्हती, शाळा होती. रामजी सुभेदारांच्या पोराला तिथल्या मातीत पहिलं काय मिळालं असेल, तर शिकलंच पाहिजे ही सक्ती. ती सक्ती आणा. शेवटच्या वस्तीतल्या शेवटच्या पोरीपर्यंत आणा. मग आपलं पोरगं फौजेत जाईल तेव्हा छाती फुगवून जाईल, आणि जायचं नसेल तेव्हा नाही म्हणू शकेल.

त्या धावणाऱ्या दोस्ताला मी हा लेख वाचून दाखवला. तो म्हणाला, "बरोबर हाय तुझं. पण मी उद्या पहाटं धावणार." मी म्हणालो, धाव. मीही येतो थोडं अंतर.

जयभीम.