एक कॉम्प्युटर, दोन बिऱ्हाडं

आजच्या इतिहासात लढाया नाहीत, तह मात्र आहे. आणि सुरुवात माझ्याच एका गाढवपणापासून.

बीटेकचं तिसरं वर्ष होतं. दिवाळीत घरी आलो होतो. घरात लॅपटॉप एकच, त्यात दोन ऑपरेटिंग सिस्टिम. ताईसाठी विंडोज, माझ्यासाठी लिनक्स. ताई तेव्हा बीएड करत होती. ती जेवायला उठली आणि लॅपटॉप हायबरनेट करून गेली. मी लगेच लिनक्स चालू केलं, विंडोजच्या ड्राइव्हवर एक सिनेमा टाकायला गेलो, तर एरर आली: इथे वाचता येईल, लिहिता येणार नाही. मग काय, नेटवर एक कमांड शोधली, न वाचता पेस्ट केली. सिनेमा कॉपी झाला, मी खूश! थोड्या वेळाने ताईने विंडोज उघडलं. सेव्ह न केलेलं दोन तासांचं पाठ टाचण गायब.

त्या एररमागे जवळजवळ तीस वर्षांचा इतिहास आहे, हे मला फार नंतर कळलं. तोच आज सांगतो.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. हार्डडिस्क म्हणजे नुसतं मोठं कोठार. कुठली फाइल कुठे ठेवली, याची वही ठेवावी लागते. या वहीच्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात. एका वाड्यात दोन बिऱ्हाडं राहतात, कोठार सामायिक आहे, पण दोघांची वही वेगळ्या लिपीत, अशी आपली अवस्था.

जुनी आणि सोपी वही म्हणजे फॅट. १९७७ साली मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्डने ती लिहिली. इतकी साधी की पुढे कॅमेऱ्यापासून लिनक्सपर्यंत सगळे ती शिकले. पण साधेपणाची किंमत असते. फॅट ३२ मध्ये फाइलचा आकार लिहायला ३२ बिटच असतात, म्हणून एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटपेक्षा मोठी होऊ शकत नाही. म्हणजे जेमतेम ४ जीबी. पेनड्राइव्हवर मोठा सिनेमा का जात नाही, याचं उत्तर हे! शिवाय कुठली फाइल कोणाची, कोणाला उघडायची परवानगी, हे त्या वहीत लिहिताच येत नाही.

म्हणून १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ बरोबर नवी वही आली, एनटीएफएस. फाइलचा मालक, परवानग्या, आणि जर्नल. जर्नल म्हणजे काय बदलणार आहोत याची आधी नोंद, मग बदल. मध्येच वीज गेली तरी वही फाटत नाही. काम पक्कं, फक्त आतली रचना मायक्रोसॉफ्टने खुली केली नाही.

इकडे १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स सुरू केलं होतं. लोक एकाच मशीनवर दोन्ही ठेवू लागले आणि प्रश्न उभा राहिला: माझ्याच फाइली मला का दिसत नाहीत? मग डिस्कवरचे बाइट बघून बघून लोकांनी ती लिपी उलगडायला घेतली. मार्टिन फॉन ल्योविसचा ड्रायव्हर १९९७ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये आला. २००२ मध्ये अँटन अल्टापार्माकोव्हने तो नव्याने लिहिला. वाचन छान जमलं. लिहिण्याचं मात्र इतकं भय, की सुरुवातीला असलेल्या फाइलवर, तेही तिची लांबी न बदलता, लिहिता यायचं. नवी फाइल करायची सोय नाही!

भीती रास्त होती. वाचताना चुकलात तर तुम्हाला चुकीचं दिसतं, तेवढंच. लिहिताना चुकलात तर दुसऱ्याची वही खराब होते. २००३ मध्ये यान क्राटोखव्हीलने तर भन्नाट जुगाड केला. विंडोजचाच मूळ ड्रायव्हर उचलून लिनक्समध्ये चालवला. लिपी येत नाही ना, मग शेजाऱ्याचाच कारकून बोलवा!

खरी सुटका २००६-०७ मध्ये झाली. साबोल्च साकासिच यांचा एनटीएफएस-३जी आला आणि सामान्य माणूस बिनधास्त लिहू लागला. माझी ती एरर याच ड्रायव्हरची.

पुढचा पेच पेटंटचा. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सफॅट आणलं, म्हणजे फॅटचंच ४ जीबीची अडचण नसलेलं रूप. तुमच्या फोनमधलं ६४ जीबीचं कार्ड बहुतेक त्यातच असतं. पण त्यावर पेटंट होती. २००९ मध्ये फॅटसकट काही पेटंटवरून मायक्रोसॉफ्टने टॉमटॉम या नकाशा कंपनीवर खटला भरला, आणि लिनक्सवाले सावध झाले. बरीच वर्षं गेली. शेवटी ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटची रचना स्वतःच खुली केली. २०२१ मध्ये पॅरागॉन कंपनीने आपला एनटीएफएस ड्रायव्हर लिनक्सला दिला आणि तो कर्नल ५.१५ मध्ये दाखल झाला. १९९३ ते २०२१, मोजा!

आता त्या दिवाळीकडे येतो. हायबरनेट म्हणजे विंडोज झोपलंय, गेलेलं नाही. उघडी वही त्याने उशाशी ठेवली आहे. मध्येच तुम्ही कोठारातलं सामान हलवलंत, तर उठल्यावर ते जुन्या वहीप्रमाणे काम करणार आणि घोळ होणार. म्हणून ड्रायव्हर म्हणत होता: फक्त वाच. मी पेस्ट केलेल्या कमांडने ती उशाशी ठेवलेली फाइलच पुसली. एवढ्या लोकांनी वर्षानुवर्षं जपलेलं भान मी एका एंटरमध्ये घालवलं.

२०१२ च्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं, तेव्हापासून साधं शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं असू शकतं. त्यामुळे दोन बिऱ्हाडं ठेवणार असाल, तर फास्ट स्टार्टअप बंद ठेवा. सामायिक फाइलींसाठी वेगळं पार्टिशन करा. आणि बॅकअप घ्या. एक्सफॅट ठेवणार असाल तर अजूनच, कारण त्यात जर्नल नाही.

ताईने ते पाठ टाचण रात्री जागून परत लिहिलं. शेजारी बसून मी चहा करून देत होतो, दुसरं काय करणार? आता ती शिक्षिका आहे. आजही माझ्याकडे लॅपटॉप देताना आधी विचारते, "माझं काम संपलंय का, बघितलंस?"

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, कमांड वाचून मग पेस्ट करा!