ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावरून जाताना: तिकिटाच्या किमतीआधी व्हिसा पाहा

परदेशी शिकायला निघालेल्या आपल्या अनेक मुलामुलींचे विमान ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर बदलते. घरातला पहिलाच विमानप्रवास असतो आणि तिकीट स्वस्तात मिळवण्याची धडपड असते. डब्लिनला निघालेल्या एका विद्यार्थिनीने मुंबई-ॲमस्टरडॅम आणि ॲमस्टरडॅम-डब्लिन अशी दोन वेगळी तिकिटे काढली. सात-आठ हजार रुपये वाचले. पण मुंबईत चेक-इनच्या काउंटरवरच तिला अडवले गेले. आयत्या वेळच्या नव्या तिकिटासाठी आम्ही रात्रभर पैसे जमवत होतो.

चूक कुठे झाली? आयर्लंड शेंगेन देशांत येत नाही. तिच्याकडे आयर्लंडचा व्हिसा होता, शेंगेनचा नव्हता. दोन्ही विमाने एकाच बुकिंगवर, म्हणजे एकाच पीएनआरवर असती तर सामान थेट डब्लिनला गेले असते आणि ती आंतरराष्ट्रीय भागातच थांबली असती. त्यासाठी स्किपोलवर भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. तिकिटे वेगळी असली की सामान घ्यायला बाहेर पडावे लागते, आणि बाहेर पडणे म्हणजे नेदरलँड्समध्ये प्रवेश. वाटेत दोन शेंगेन थांबे असलेल्या तिकिटातही हाच धोका असतो. लंडनच्या हीथ्रोवर तर बाहेर न पडताही भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा अशा काही देशांचा वैध व्हिसा असल्यास सूट मिळते. हे नियम बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याआधी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर खात्री करा.

जर्मनी किंवा इटलीला जाणाऱ्यांचे इमिग्रेशन स्किपोललाच होते. 12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यामुळे रांग लांबू शकते. तासाभराच्या अंतराने पुढचे विमान असलेले तिकीट मिळते, पण पहिल्या खेपेला ते घेऊ नका. अडीच-तीन तास हाताशी ठेवा. टर्मिनल एकच आहे, सगळे एका छताखाली. चालणे मात्र भरपूर.

प्रवेशपत्र, शिष्यवृत्तीचे पत्र, राहण्याच्या जागेचा कागद हातातल्या बॅगेत ठेवा. रिकामी बाटलीही घ्या, आत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. वाय-फाय मोफत आहे. ॲमस्टरडॅमलाच उतरणार असाल तर टॅक्सीच्या नादी लागू नका. रेल्वे स्थानक विमानतळाच्या खालीच आहे आणि शहराचे मुख्य स्थानक साधारण पंधरा-वीस मिनिटांवर. कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा टेकवायचे.

आणखी एक हक्क फार कमी जणांना ठाऊक असतो. युरोपीय संघाच्या नियमन 261/2004 नुसार, विमान कंपनीच्या चुकीने तीन तास किंवा अधिक उशीर झाला तर अंतरानुसार 250 ते 600 युरो भरपाई मागता येते. युरोपीय संघातून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला हा नियम लागू आहे. भारतातून तिकडे जाताना मात्र कंपनी युरोपीय हवी. उशीर लांबला तर जेवण आणि रात्र काढावी लागल्यास हॉटेलही कंपनीनेच द्यायचे असते. काउंटरवर आपणहून कोणी सांगेलच असे नाही, मागावे लागते. बोर्डिंग पास फेकू नका.